वॉटर ब्लॉकची तुलना पाण्याच्या तापमानावरून करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत संगणकाचा प्रोसेसर पाण्याने गार करण्यावर आपण पानभर मजकूर दिलात, त्याबद्दल आधी आभार मानतो. मराठी वर्तमानपत्रात पंप, रेडिएटर आणि वॉटर ब्लॉक (प्रोसेसरवर बसणारा, आतून पाणी फिरणारा तांब्याचा ठोकळा) यांना इतकी जागा मिळालेली मी पहिल्यांदाच पाहिली. पण त्यातल्या दोन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे ‘पाणी जितकं जोरात फिरवाल तितका प्रोसेसर गार’ हे वाक्य. दुसरी, पाच वॉटर ब्लॉकची तुलना करणारा तक्ता. त्यात प्रत्येकापुढे प्रोसेसरचं एकच तापमान दिलं होतं. खोली किती तापली होती, पाणी किती तापलं होतं, प्रोसेसर किती वॅट घेत होता, यातलं काहीच नव्हतं. असा तक्ता बघून एखादा मुलगा वडिलांकडून पैसे घेऊन ब्लॉक आणेल आणि त्याचे पैसे वाया जातील, या काळजीने लिहितो आहे.

मी भोसरी एमआयडीसीत तेहतीस वर्षं टूलरूम चालवतो. इंजेक्शन मोल्डिंगचे साचे बनवतो. साच्यात पाण्याची लाइन कुठून न्यायची, हा आमचा रोजचा प्रश्न असतो. वितळलेलं प्लॅस्टिक साच्यात गेलं की ते घट्ट होईपर्यंत मशीन खोळंबतं. पाण्याची लाइन कॅव्हिटीपासून (साच्यातली पीस घडणारी पोकळी) जरा लांब गेली, तर बावीस सेकंदांत पडणारा पीस पस्तीस सेकंद घेतो, आणि मग चिलर कितीही मोठा लावा, काही फरक पडत नाही. हे मी पाण्यापायी बरेच साचे पुन्हा उघडून शिकलो आहे.

माझी धाकटी मुलगी घरूनच ॲनिमेशनचं काम करते. तिच्या संगणकात सोळा कोअरचा रायझन ७९५०एक्स हा प्रोसेसर आहे. रेंडर, म्हणजे ॲनिमेशनची अंतिम चित्रं तयार करायचं काम, लावलं की रात्र रात्र तो पूर्ण ताकदीने चालतो. गेल्या एप्रिलमध्ये चिंचवडच्या आमच्या वरच्या मजल्यावर रात्री अकरालाही खोली ३४ अंशांवर असायची. या प्रोसेसरला कंपनीनेच ९५ अंशांची मर्यादा घालून दिलेली आहे. ती गाठली की तो स्वतःहून वेग कमी करतो. पहाटे चारला संपायला हवं ते काम सकाळी सातलाही अर्धवट, आणि पंख्याचा आवाज शेजारच्या खोलीत. एका सकाळी ती चहाचा कप हातात घेऊन म्हणाली, “बाबा, तुम्ही साच्यात पाणी फिरवता ना? मग याच्या डोक्यावर नाही फिरवता येणार?” त्या आठवड्यात मी पहिला ठोकळा कापला.

आधी उष्णतेचा हिशेब मांडतो, कारण सगळी अडचण जागेची आहे. घरातली हजार वॅटची इस्त्री घ्या. तिचा तळ साधारण दोनशे चौरस सेंटीमीटर, म्हणजे चौरस सेंटीमीटरला पाच वॅट. या प्रोसेसरचे सोळा कोअर ज्या दोन चिपांमध्ये आहेत, त्यातली प्रत्येक जेमतेम ७० चौरस मिलिमीटरची. १५० वॅट त्यांच्यातून बाहेर पडतात तेव्हा चौरस सेंटीमीटरला शंभरेक वॅट होतात. ही उष्णता आधी प्रोसेसरच्या झाकणात, मग झाकण आणि ब्लॉक यांच्यात लावलेल्या उष्णतावाहक पेस्टमधून तांब्यात आणि तांब्यातून पाण्यात जायला हवी.

आता पाण्याचं बघा. मिनिटाला एक लिटर पाणी एका अंशाने तापलं, तर ते ७० वॅट घेऊन जातं. मिनिटाला तीन लिटर पाणी १५० वॅट घेऊन जाताना पाऊण अंशसुद्धा तापत नाही. मग पाण्याचा जोर दुप्पट केला तर वाचणार काय? अर्धा अंशही नाही. पाणी हा उत्तम हमाल आहे, पण ओझं त्याच्या डोक्यावर चढवून द्यावं लागतं. स्वतः पाण्यातून उष्णता फार हळू सरकते, तांब्याच्या मानाने साडेसहाशे पट हळू. त्यातून भिंतीला लागून पाण्याचा जो पातळ थर असतो, तो जवळजवळ जागचा हलत नाही. उष्णतेला तो ओलांडून जावं लागतं आणि खरी अडवणूक तिथेच होते. जोर वाढवला की हा थर थोडा पातळ होतो, म्हणून थोडा फायदा दिसतो. पण तो थर मुळातच जाड होऊ द्यायचा नाही, हे काम पंपाचं नसून ब्लॉकच्या आतल्या घडणीचं आहे.

मी तीन घडणी करून पाहिल्या. तांबं आणायला जावं लागलं नाही, ठिणगीने धातू कोरणाऱ्या स्पार्क मशीनच्या इलेक्ट्रोडचे तुकडे शॉपमध्ये असतातच. मोजताना पंप, रेडिएटर, नळ्या आणि पेस्ट तीच ठेवली. प्रोसेसर बायोसमधून, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमधून, १५० वॅटवर बांधून टाकला. पाण्याच्या टाकीत साच्यासाठी वापरतो तोच थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, सोडला. वहीत प्रोसेसरच्या तापमानातून पाण्याचं तापमान वजा करून जो फरक येतो, तेवढाच आकडा लिहिला. पेस्ट पुसून पुन्हा लावली की दीड-दोन अंशांचा फरक पडतो, म्हणून प्रत्येक ठोकळा तीनदा काढून बसवला.

पहिला ठोकळा नागमोडी. चाळीस बाय चाळीसच्या तांब्यात पाच मिलिमीटर रुंद, सहा खोल असा एकच चर, पाच वेळा इकडून तिकडे वळवलेला. साच्यात आम्ही हेच करतो, त्यामुळे हात त्याच वाटेने गेला. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी परदेशातले हौशी लोकही असेच ब्लॉक वापरत. डेंजर डेन या अमेरिकन कंपनीच्या अशा ब्लॉकचं नावच ‘मेझ’, म्हणजे चक्रव्यूह, होतं. माझ्या ठोकळ्यात पाणी लागणारी जागा ३४ चौरस सेंटीमीटर भरली. फरक आला ५२ अंश. तसाच दुसरा पंप पहिल्याला जोडून लावला, पाणी चांगलंच जोरात फिरलं, आणि फरक ४९ वर आला. दुसऱ्या पंपाचे पैसे, त्याचा आवाज, आणि बदल्यात तीन अंश. आपल्या लेखातलं वाक्य वाचलं तेव्हा मला हाच आकडा आठवला.

दुसरा ठोकळा काट्यांचा. दोन मिलिमीटरचे चौकोनी खांब, मध्ये दोन मिलिमीटरची वाट, पाच उंच, असे शंभर. जागा ५२ चौरस सेंटीमीटर झाली. मला यातून मोठी आशा होती, पण फरक ४६ अंशच आला. वर पारदर्शक ॲक्रिलिकचं झाकण होतं, म्हणून पाण्यात थोडी शाई सोडून बघितलं. काट्यांचं रान आणि ठोकळ्याची बाजूची भिंत यांच्यात मी तीन मिलिमीटरची मोकळी गल्ली ठेवली होती. सगळी शाई त्या गल्लीतून सरळ बाहेर गेली. मधले काटे, जिथे खाली चिप तापत होती, तिथे शाई रेंगाळत उभी होती. सिलिकॉनच्या पट्ट्या कापून दोन्ही गल्ल्या बुजवल्या आणि फरक ४३ वर आला. त्या दोन पट्ट्यांनी जे केलं ते दुसऱ्या पंपाच्या बरोबरीचं होतं, हे माझ्या वहीत लाल शाईने लिहिलेलं आहे.

तिसऱ्या ठोकळ्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. १९८१ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या टकरमन आणि पीझ यांनी सिलिकॉनच्या पाठीवरच ५० मायक्रॉन (मिलिमीटरचा विसावा भाग) रुंदीचे चर कोरून त्यातून पाणी सोडलं, आणि चौरस सेंटीमीटरला ७९० वॅट इतकी उष्णता ७१ अंशांच्या वाढीत काढून दाखवली. त्यांचा मुद्दा साधा आहे. चर जितका अरुंद, तितकं त्यातलं प्रत्येक थेंबभर पाणी भिंतीच्या जवळ. माझ्या नागमोडी चरातलं मधलं पाणी भिंतीपासून अडीच मिलिमीटर लांब होतं. ते न तापताच बाहेर पडत होतं.

पन्नास मायक्रॉन माझ्या आवाक्यातले नाहीत. आधी स्लिटिंग सॉ, म्हणजे पातळ गोल करवत, लावून पाहिला. तांबं चिकट, कीस दातांत भरतो, दोन सॉ मोडले. मग वायरकटकडे, म्हणजे तारेच्या ठिणगीने धातू कापणाऱ्या मशीनकडे, वळलो. पाव मिलिमीटरची तार, ठिणगीची मोकळीक धरून चर पडतो ०.३ चा. मधला तीस बाय तीसचा चौथरा उंच ठेवून बाजूचं तांबं खाली उतरवलं, म्हणजे तार आरपार जाते आणि खालच्या कडेवर पाणी अडवणाऱ्या ओ-रिंगला जागा मिळते. ०.३ चा चर, ०.३ ची पाती, तीन मिलिमीटर खोल, असे पन्नास चर. साडेचार तास मशीन चालली. कारागिराने ठोकळा हातात घेऊन उजेडाकडे धरला तेव्हा पात्यांमधून खिडकीची रेघ दिसत होती. बाजारातल्या तयार ब्लॉकची पाती याहून बारीक असते आणि ती वेगळ्या पद्धतीने निघते. तासणीसारखं पातं तांब्याचा पातळ काप सोलतं, पण मुळापासून तोडत नाही, तिथेच उभा करतं, आणि लगेच पुढचा काप. त्यातल्या फटी मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत येतात.

पाण्याची जागा ९४ चौरस सेंटीमीटर झाली, म्हणजे नागमोडीच्या पावणेतीन पट. झाकण बसवलं, पंप सुरू केला, आणि फरक आला ४५ अंश! पट्ट्या लावलेल्या काट्यांपेक्षाही वाईट. त्या रात्री मी झोपलो नाही. सकाळी डेप्थ गेजने मोजलं तर पात्यांची टोकं आणि झाकण यांच्यात ०.४ मिलिमीटरची फट राहिली होती. चरांपेक्षा रुंद फट वरच मिळत असेल तर पाणी चरांत कशाला उतरेल? मऊ सिलिकॉनची शीट कापून पात्यांवर दाबून बसेल अशी ठेवली, आणि तिच्या बरोबर मध्ये दोन मिलिमीटरची एक आडवी चीर पाडली. पाणी वरून त्या चिरेतून पात्यांच्या मध्यावर पडतं आणि निम्मं डावीकडे, निम्मं उजवीकडे जातं. फरक ३६ वर आला.

ही मधली चीर हल्लीच्या बहुतेक चांगल्या ब्लॉकमध्ये असते. ती का, हेही सांगतो. पाणी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेलं तर त्याला तीस मिलिमीटर चालावं लागतं. मध्ये सोडलं तर पंधराच, आणि वाटाही दुप्पट होतात, म्हणून प्रत्येक चरातला वेग निम्मा. लांबी निम्मी आणि वेग निम्मा, तेव्हा पात्यांचा विरोध चौथाईवर येतो. शिवाय सगळ्यात गार, ताजं पाणी सगळ्यात तापलेल्या जागेवर आधी पोचतं.

बारीक चरांतून पाणी कमी जाईल आणि पंपावर ताण येईल, असं मला स्वतःला वाटत होतं. म्हणून लिटरचं माप आणि घड्याळ घेऊन बसलो. नागमोडीतून मिनिटाला तीन लिटर आले, बारीक चरांतून साडेतीन. कारण नागमोडीत सगळं पाणी एकाच लांब वाटेने, प्रत्येक वळणावर आपटत जातं, आणि इथे त्याला शंभर आखूड वाटा मिळतात. अर्थात फटी ०.१ पर्यंत नेल्या की विरोध नऊ पट वाढतो आणि तिथे पंपाचा विचार करावाच लागतो.

पाती उंच केली की जागा वाढेल, मग तीनच मिलिमीटर का, असं मुलीने विचारलं. इतक्या पातळ तांब्यातून उष्णता वर चढता चढताच पाण्यात उतरत जाते. टोकापर्यंत फारशी पोचतच नाही. आणखी उंची म्हणजे नुसतं तांबं आणि नुसती फट.

आता बसवण्याबद्दल. या रायझनमध्ये तापणाऱ्या दोन्ही चिपा झाकणाच्या मध्यभागी नसून एका कडेला आहेत. मी पकडीची भोकं लांबट करून ठोकळा सात मिलिमीटर सरकवला, चीर चिपांच्या डोक्यावर आणली, आणि फरक ३३ झाला. फुकटात तीन अंश. इंटेलच्या २०२१ पासूनच्या १७०० संपर्कांच्या सॉकेटमध्ये वेगळी अडचण आहे. तिथली पकड झाकणाला दोन बाजूंनी मध्यावरच दाबते, त्यामुळे झाकण किंचित वाकतं. त्यावर अगदी सपाट ब्लॉक ठेवला तर मध्ये पेस्टचा थर जाड राहतो. म्हणून काही ब्लॉकचा तळ मुद्दाम मध्ये फुगीर ठेवलेला असतो. तेव्हा एका प्रोसेसरवर पहिला आलेला ब्लॉक दुसऱ्यावर पहिला येईलच असं नाही, आणि आपल्या तक्त्यात प्रोसेसर कोणता होता हेही नव्हतं.

पाण्याविषयी आपल्या लेखात काहीच नव्हतं. आमच्या कसबा पेठेतल्या जुन्या घरी तांबट आळीतून आणलेला बंब होता. मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी. आतून क्षाराचा पांढरा थर चढला की तेवढंच पाणी तापायला जास्त सरपण लागायचं, आणि आई तो चिंचेने घासून काढायला लावायची. प्रोसेसरवरचा ब्लॉक म्हणजे तोच व्यवहार उलट्या दिशेने. ०.३ च्या चरात बोअरचं किंवा नळाचं पाणी घालणं म्हणजे तो बुजवायला घेणं आहे. डिस्टिल्ड वॉटरच घाला, त्यात गंज आणि शेवाळ रोखणारं औषध घाला. मी एवढं करूनही फसलो. पाच महिन्यांनी फरक ३३ चा ३९ झाला, झाकण उघडलं तर पात्यांच्या तोंडावर पांढरट, चिकट साय. ती पाण्यातून आलेली नव्हती. मऊ, पारदर्शक पीव्हीसीच्या नळीला मऊ ठेवणारं द्रव्य हळूहळू पाण्यात उतरतं आणि पहिल्या बारीक फटीत अडकतं. मऊ टूथब्रशने पाती धुतली, काळ्या ईपीडीएम रबराच्या नळ्या घातल्या, फरक पुन्हा ३३. त्यानंतर वाढलेला नाही.

आणि एक इशारा. मुलीच्या मैत्रिणीने एक तयार संच घेतला, त्यात ब्लॉक तांब्याचा आणि रेडिएटर ॲल्युमिनियमचा. एकाच पाण्यात हे दोन धातू आले की ॲल्युमिनियम झिजत जातं. औषध थोडा काळ आवर घालतं, तेवढंच. वर्षभरात तिच्या रेडिएटरला सुईएवढं भोक पडलं आणि ग्राफिक्स कार्ड भिजलं. खोक्यावर कुठेही रेडिएटरचा धातू लिहिलेला नव्हता. विकत घेताना हा प्रश्न विचाराच, आणि उत्तर लेखी घ्या.

पाण्याने गार होणारी यंत्रं ही काही नवी चैन नाही. आयबीएमने १९८० साली जाहीर केलेल्या ३०८१ या संगणकात शंभरावर चिपांच्या एकेका मॉड्यूलवर पाणी फिरणारी थंड प्लेट होती. आज आपल्याच पुण्यात, पाषाणच्या आयसर या विज्ञान संस्थेतला ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक पाण्याने गार होतो. ज्या गावात हे आहे आणि ज्या गावात इतक्या टूलरूम आहेत, तिथल्या वर्तमानपत्रातली तुलना तरी नीट असावी असं मला मनापासून वाटतं.

म्हणून विनंती. पुढच्या वेळी तक्ता छापाल तेव्हा प्रोसेसरचं नाव, त्याने घेतलेले वॅट, आणि प्रोसेसर व पाणी यांच्या तापमानातला फरक हे तीन रकाने असू द्या. पाण्याचा वेग वेगळ्या रकान्यात द्या. प्रत्येक ब्लॉक किमान तीनदा काढून बसवला होता का, तेही लिहा. खोलीचा पंखा, रेडिएटरचा आकार, दुपार की रात्र, या सगळ्याचा परिणाम पाण्याच्या तापमानात येतो. तो वजा केला की उरतं ते ब्लॉकचं, पेस्टचं आणि बसवण्याचं काम.

तिन्ही ठोकळे, त्यांची ड्रॉइंग आणि वही माझ्याकडे आहे. एखाद्या पॉलिटेक्निकच्या किंवा आयटीआयच्या मुलांना आकडे पुन्हा तपासायचे असतील तर आपल्या कार्यालयात माझा पत्ता आहे, तो त्यांना जरूर द्यावा. गुरुवारी शॉपला सुट्टी असते आणि वायरकट मोकळी असते. ०.१८ च्या तारेने चौथा ठोकळा कापायचा आहे, तो बघायलाही त्यांनी यावं.

आपला,
भोसरीतील एक टूलरूमचालक